बेणे आणि वरंबा

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात समुद्राला खेटून हेदवी हे गाव वसले आहे. दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणाऱ्या पाण्यामुळे त्याचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर हे गाव तीन पायऱ्यांवर उभे आहे. खाली नारळी-पोफळीची आगरे, त्यांच्या वर भाताची खाचरे आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचा कातळ व त्याच्या कडेची वरकस जमीन. कोकणच्या किनारपट्टीवर अशाच जमिनीत अळू, सुरण, करांदे, कणगर, रताळी अशी जमिनीखालच्या अन्नाची मोठी बिरादरी पूर्वापार नांदत आली आहे. तिच्यात एकच मंडळी आढळत नाही, आणि ती म्हणजे आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात बारमाही मुक्कामाला असलेला बटाटा.

कोकणातल्या परसात बटाटा रुजत नाही असे मात्र नाही. टोपलीच्या तळाशी राहून गेलेला, डोळे फुटलेला बटाटा मातीत पुरून पाहण्याचा उद्योग बहुतेक मुलांनी कधी ना कधी केलेला असतो. रोप तरारून वर येते, पाला हिरवागार होतो, घरात कौतुकही होते. पुढे उकरून पाहावे तर खाली आवळ्याएवढ्या चार गोळ्या! मातीत दोष, पाण्यात दोष, की पुरणाऱ्या हातात दोष, असा प्रश्न तेव्हा पडतो. त्याचे उत्तर शोधू लागल्यास माणूस पार दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि वाटेत त्याला एका कॅथलिक राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या दुःखापाशी थांबावे लागते.

आरंभ नावापासूनच करू. उत्तर हिंदुस्थानात ज्याला आलू म्हणतात त्याला आपण बटाटा म्हणतो, याचे कारण हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे आला. पाव, काजू, अननस या शब्दांच्याच गलबतातून तो उतरला. परंतु पोर्तुगीजांचाही तो मूळचा शब्द नव्हे. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक ‘बताता’ म्हणत ते रताळ्याला. आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याला अँडीज पर्वतातील लोकांच्या भाषेत ‘पापा’ असे नाव होते. स्पॅनिश लोकांनी दोन्ही पाहिले, दोन्ही खाल्ले आणि दोन्ही नावांची सरमिसळ करून टाकली. परिणामी त्या काळच्या कागदपत्रांत ‘पताता’ असा उल्लेख आला की अभ्यासकांत वाद सुरू होतो. आव्हिलाच्या संत तेरेजाने १५७७ च्या डिसेंबरात सेव्हिल येथील मठाच्या प्रमुख भगिनीला पत्र पाठवून तिने धाडलेल्या ‘पताता’बद्दल आभार मानले. आजारपणात अन्नावरची वासना उडालेली असताना ती भेट पोहोचली होती. संत तेरेजाच्या ताटात त्या दिवशी बटाटा होता की रताळे, याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही. आसफखानाने इंग्रज वकील सर टॉमस रो याला दिलेल्या मेजवानीतही ‘पोटेटो’ वाढल्याची नोंद त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने केली आहे. तेही बहुधा रताळेच असावे असे जाणकारांना वाटते. तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर ‘बटाटा’ हा शब्द प्रथम उच्चारला गेला तो कोणत्या कंदाला उद्देशून, हे सांगणे धाडसाचे ठरेल. शब्द समुद्रकाठी उतरला आणि तेथेच राहिला. त्याचा आजचा धनी मात्र घाट चढून गेला.

तो घाट का चढला हे समजण्यासाठी त्याचे माहेर पाहिले पाहिजे. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या प्रदेशात सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानटी कंदांपासून बटाटा माणसाळला असे मानतात. दिवसा प्रखर ऊन, रात्री गोठविणारी थंडी. मका जेथे हात टेकतो तेथे हे पीक उभे राहते. तेथील लोकांनी लावणीचे जे शास्त्र रचले ते पाहून आजच्या कृषितज्ज्ञांनाही नवल वाटते. पायाने दाबून चालवायच्या लाकडी नांगराने एक जण ढेकूळ उलथतो, दुसरा ते हाताने कडेला मांडतो, आणि अशा रीतीने उताराला धरून उंच वरंबे तयार होतात. सरोवराकाठच्या पाणथळ जागी तर मोठमोठे उंचवटे रचून त्यांच्या मधल्या चरांत पाणी साठू दिले जाई. दिवसभर तापलेले ते पाणी रात्री ऊब सोडी आणि पिकाचे हिमकडाक्यापासून रक्षण करी.

या लावणीतली खरी मेख मात्र निराळीच आहे. अँडीजमधला शेतकरी एका वावरात एकाच जातीचा बटाटा लावीत नसे. लांबट, वाटोळे, जांभळे, पिवळे, कडवट अशा कित्येक जातींचे बेणे एकमेकांशेजारी मातीत जाई. एकीला हिमाने गाठले तर दुसरी तगे, दुसरी किडीने खाल्ली तर तिसरी हाती लागे. आजही त्या भागात चार हजारांहून अधिक देशी जाती असल्याचे सांगितले जाते. येशूसंघीय धर्मगुरू होसे दे आकोस्ता यांनी १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या ‘पापा’चे आणि तो रात्री थंडीत गोठवून, दिवसा उन्हात वाळवून केलेल्या ‘चुन्यो’ नावाच्या टिकाऊ अन्नाचे वर्णन आले आहे. युरोपला बटाट्याची ओळख झाली तेव्हा कंद जहाजात चढला. वरंब्याची रीतही कोठे कोठे पोहोचली. अनेक जाती मिसळून लावण्याचे शहाणपण मात्र अँडीजमध्येच राहून गेले.

येथे थोडे जमिनीखाली डोकावणे आवश्यक आहे. शुभवर्तमानातील गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. बटाट्याला तो लागू पडत नाही. आपण जो लावतो तो दाणा नव्हेच. ते खोड आहे. मुळाला डोळे नसतात, खोडाला असतात. बटाट्याचा प्रत्येक डोळा म्हणजे झोपी गेलेला अंकुर होय. त्यामुळे त्यातून उगवणारे रोप हे नवे अपत्य नसून जुन्याच देहाचा विस्तार असतो, आणि जुन्या देहाचे गुण जसे त्यात उतरतात तसे त्याचे रोगही उतरतात. म्हणून आपल्या भाषेने बियाणे आणि बेणे असे दोन शब्द ठेवले आहेत. ऊस, हळद, आले, बटाटा यांचे ते बेणे.

काढणीनंतर सुमारे आठ ते दहा आठवडे हे डोळे झोपेतच असतात. त्यांना जागे करण्याची घाई केली तर शेंड्याचा एकच डोळा उठतो व एकच फांदी वर येते. बेणे नीट मुरू दिले, अंधूक उजेडात पसरून आखूड, जाड, हिरवट कोंब येऊ दिले, म्हणजे एका कंदातून तीन-चार खोडे फुटतात, आणि जितकी खोडे तितके कंद धरण्याचे ठाव अधिक. पुढे या खोडांच्या जमिनीखालच्या भागातून आडव्या फांद्या निघतात व त्यांचे टोक फुगून बटाटा होतो. अट एकच, ते टोक अंधारात राहिले पाहिजे. उजेड लागला तर तीच फांदी पाने फोडून वर निघते. पोसलेला कंद उघडा पडला तर तो हिरवा होतो, कडवट होतो, विषारी होतो. यासाठी लावणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी दोन्ही बाजूंची माती ओढून रोपाच्या बुंध्याशी चढवायची असते. शेतकरी याला भर देणे म्हणतो. परसात बटाटा पुरणाऱ्या मुलाने सर्व काही केलेले असते, भर तेवढी दिलेली नसते.

अंतराचा हिशेबही यात येतो. दोन वरंब्यांत ६० सेंटिमीटर आणि दोन बेण्यांत २० सेंटिमीटर ठेवले तर एका हेक्टरात ८३ हजारांच्या वर बेणी बसतात. प्रत्येक बेणे ३० ते ४० ग्रॅमचे धरले तर २५ ते ३३ क्विंटल बटाटा केवळ मातीत घालावा लागतो. ज्वारीच्या शेतकऱ्याला पेरायला किलोंच्या हिशेबात धान्य लागते, याला क्विंटलच्या. अंतर कमी केले तर कंद संख्येने पुष्कळ पण लहान. वाढविले तर थोडे पण टपोरे. बेणे कापून लावले तर खर्च वाचतो, मात्र प्रत्येक फोडीला निदान दोन-तीन डोळे हवेत, आणि जमीन ओली असेल तर कापलेल्या अंगातून कूज शिरते. या साऱ्याहून बलवान गोष्ट म्हणजे रात्रीचा गारवा. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली असले म्हणजे पानांनी दिवसा कमावलेले खाली कंदात साठते. रात्र उष्ण असेल तर कमाई श्वासातच संपते आणि पाला माजतो. परसातल्या हिरव्यागार रोपाचे आणि आवळ्याएवढ्या गोळ्यांचे कोडे येथे सुटते.

आता आयर्लंडकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या बेटावरील गरीब कॅथलिक कुळांकडे उरली होती ती खडकाळ, पाणथळ, निकस जमीन. तिच्यावर बटाट्याखेरीज दुसरे काही पोट भरेल इतके पिकत नव्हते. त्यांनी लावणीची एक रीत बसविली होती. हिरवळीच्या जमिनीवर सुमारे हात-दोन हात रुंदीच्या पट्ट्यात शेणखत किंवा समुद्रकाठी वाहून आलेले शेवाळ पसरायचे, त्यावर बेणे मांडायचे आणि दोन्ही बाजूंना चर खणून तेथील गवतासकट माती उलटी करून त्यावर घालायची. पाणी चरात उतरे, कंद कोरडा राही, कुजणाऱ्या गवताचेही खत होई. नांगर लागत नसे, बैल लागत नसे. एक फावडे पुरे. इंग्रज जमीनदारांनी या पद्धतीला ‘आळशी वाफा’ असे नाव ठेवले. ज्यांनी ओल्या डोंगरउतारावर दिवसभर फावडे मारून पाहिले नव्हते त्यांनाच ते नाव सुचू शकते! एकदीड एकराच्या अशा वाफ्यांवर पाच-सहा माणसांचे कुटुंब वर्षाचा बहुतेक काळ गुजराण करी. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच किलोंच्या आसपास बटाटे खाई. जोडीला ताक असले तर तेवढेच. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार भरली, आणि त्यांतील सुमारे ३० लाख लोकांचा भार जवळजवळ केवळ या एका पिकावर होता.

त्यातही गरिबांच्या वाफ्यात सर्वत्र एकच जात, ‘लम्पर’. चवीला पाणचट, परंतु निकस जमिनीतही भरघोस येणारी. वाफा उत्तम, खत उत्तम, कष्ट अपार. पण लक्षावधी वाफ्यांत लावलेला तो एकाच देहाचा विस्तार होता. १८४५ च्या उन्हाळ्याअखेर अमेरिकेकडून युरोपात आलेला करपा आयर्लंडमध्ये पोहोचला. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या नावाने पुढे ओळखला गेलेला हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव दमट, गार हवेत पानांवर काळे डाग पाडतो, पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत कंदापर्यंत पोहोचतो आणि पाहता पाहता त्याचा दुर्गंधीयुक्त चिखल करतो. जाड भर दिलेल्या वरंब्यात कंद काही प्रमाणात वाचतात. परंतु त्या काळी रोगाचे कारणच कोणाला उमगले नव्हते. १८४५ साली पिकाचा मोठा हिस्सा गेला. १८४६ साली जवळजवळ सर्वच.

इतिहासग्रंथांतून १८४६ चे वर्णन विस्ताराने येते. माझ्या मते या कथेतील सर्वांत करुण वर्ष १८४७ चे आहे. त्या वर्षी करपा सौम्य होता. जे थोडे लावले गेले ते बरे पिकले. पण लावले होतेच किती? १८४५ मध्ये सुमारे २० लाख एकरांवर असलेली लावणी १८४७ मध्ये ३ लाख एकरांच्याही आत आली होती. भुकेल्या माणसांनी बेणे खाऊन टाकले होते. आपल्या कोकणात बियाण्याच्या मुडीला हात लावणे म्हणजे घराचा पाया खणणे समजले जाते. सर्व उपाय थकल्यावरच माणूस त्या मुडीकडे वळतो. त्या वर्षी आयर्लंडमध्ये लक्षावधी घरांनी ती मुडी सोडली. त्याच दिवसांत त्या देशाच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर पाठविली जात होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. उपासमार आणि तापाच्या साथी यांत सुमारे १० लाख माणसे दगावली, तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला, आणि १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६५ लाख ५२ हजारांवर उतरली.

या दुष्काळात आपल्या देशाचा हात पुढे आला होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. परदेशातून आलेल्या पहिल्या मोठ्या मदतींपैकी एक कलकत्त्याहून गेली. तेथील आयरिश सैनिक, कंपनीचे नोकर आणि इतर दात्यांनी मिळून सुमारे १४ हजार पौंड जमविले. पोप नववे पायस यांनी स्वतःकडील एक हजार रोमन स्कुदी पाठविले आणि २५ मार्च १८४७ रोजी जगभरच्या बिशपांना परिपत्रक धाडून आयर्लंडसाठी तीन दिवस प्रार्थना व दानधर्म करण्याचे आवाहन केले. पोपपदावर येऊन त्यांना तेव्हा वर्षही झाले नव्हते. असो.

हाच काळ आपल्या सह्याद्रीत बटाटा रुळण्याचा होय. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला हवा खाण्याचे ठिकाण वसविले. तेथे मलाक्काच्या बाजूने आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवण्यात आले होते. प्रथम त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले गेले, पुढे त्यांना बागकामाला लावले. बटाटा आणि विलायती भाज्या तेथे भरभराटीला आल्या त्या बऱ्याच अंशी या कैद्यांच्या हातांमुळे. १८६० च्या दशकात तो तुरुंग बंद झाला, कैदी पांगले, भाज्या राहिल्या. आपल्या देशातून कायमचे दूर नेलेल्या त्या माणसांची नावेही मागे उरली नाहीत. साहेबाच्या जेवणासाठी सुरू झालेले हे पीक आसपासच्या शेतकऱ्यांनी उचलले, आणि पुणे जिल्ह्याच्या खेड, जुन्नर या भागांत त्याने चांगलेच मूळ धरले.

परंतु बेण्याचा प्रश्न येथेही आडवा आला. आपल्या उन्हाळ्यात बटाटा साठवून ठेवला तर तो कुजतो, सुरकुततो, आणि दरसाल त्याच बेण्याची लावणी केली तर पीक उतरणीला लागते. मुंबई इलाख्यात म्हणून इटलीहून बेणे मागविण्याची रीत पडली. त्या बेण्याबरोबर एक न बोलाविलेला पाहुणा आला. १९०६ साली या इलाख्यात बटाट्यावरील पाकोळीची नोंद झाली. ही राखी रंगाची लहानशी पाकोळी पानांवर आणि उघड्या पडलेल्या कंदाच्या डोळ्यांपाशी अंडी घालते; अळी आत शिरून कंद पोखरते; शेतातून ती वखारीत जाते आणि उन्हाळाभर तेथे सुखाने वाढते. इटलीच्या बेण्यावर विसंबणारा शेतकरी पुढे पहिल्या महायुद्धात आणखी अडचणीत आला, कारण समुद्रमार्गच अनिश्चित झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील बटाट्याच्या शेतीचा कसून अभ्यास केला व तो १९२० साली प्रसिद्ध झाला. त्या सहकाऱ्यांत नागपूरकर, कुलकर्णी, कासरगोडे, परांजपे अशी आपली माणसे होती.

पाकोळीवर औषधे पुष्कळ निघाली, पण तिच्याविरुद्धचा पहिला बंदोबस्त अगदी साधा आहे. बेणे पुरेसे खोल लावायचे, भर वेळेवर व जाड द्यायची, वरंब्याला भेगा पडू द्यायच्या नाहीत आणि काढलेला ढीग रात्री उघडा ठेवायचा नाही. जी मातीची भर कंदाला उजेडापासून वाचविते, तीच आयर्लंडच्या करप्यापासून काही अंशी आणि खेडच्या पाकोळीपासून बऱ्याच अंशी वाचविते. शेतकरी ती देतो तेव्हा त्याच्या हातात फक्त कुदळ असते.

स्वातंत्र्यानंतर बेण्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते आपल्याच देशात. १९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. बटाट्यातील विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो मावा. डॉ. पुष्करनाथ यांनी दाखवून दिले की, उत्तरेच्या मैदानांत थंडीच्या आरंभी मावा जवळजवळ नसतो. निरोगी बेणे ऑक्टोबरात लावावे आणि जानेवारीत मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकावा, कंद मात्र साल घट्ट होईपर्यंत जमिनीत राहू द्यावेत. बेण्याचे बटाटे थोडे लहान निघतात, पण स्वच्छ निघतात. लावणीची तारीख पुढे-मागे करण्याने एवढी क्रांती घडते यावर पटकन विश्वास बसत नाही. तोवर बेण्यासाठी डोंगराकडे, नाही तर परदेशाकडे पाहावे लागे. त्यानंतर पंजाबची सपाट जमीन साऱ्या देशाला बेणे पुरवू लागली. आज चीनच्या खालोखाल जगात सर्वाधिक बटाटा भारतात पिकतो, त्यामागे हा पाला कापण्याचा विळा आहे.

आपल्या पठारासाठी या संस्थेने १९७२ साली एक जात दिली. तिचे नाव ‘कुफरी लवकर’. शिमल्याजवळच्या कुफरीचे नाव पुढे आणि आपला मराठी शब्द मागे! लवकर तयार होते म्हणून लवकर. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर आजही पावसाळी बटाटा होतो. मंचरच्या बाजारात उतरलेले पंजाबचे बेणे जून-जुलैत पठारावर जाते, ढगाळ गार हवेत पोसते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर येते. पावसाळ्यात तेथे शेतकरी बेणे कापण्यापेक्षा लहान अखंड कंद लावणे पसंत करतो. कापल्यास काय होते ते ओल्या जमिनीने त्याला शिकविलेले आहे. पाऊस वेळेवर आला नाही तर हेक्टरी पंचवीस-तीस क्विंटल बेण्याचा पैसा मातीत जातो, आणि तो बहुधा कर्जाऊ काढलेला असतो. वेफर्सच्या पाकिटातला चुरा झटकून टाकताना हे आपल्या ध्यानात नसते.

हेदवीच्या पट्ट्यात असे पठार नाही आणि अशी रात्रही नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याची उथळ माती, आणि पुढे थंडी म्हणावी तर ती पाहुणीसारखी येते नि जाते. तिथल्या वरंब्यावर शोभतो तो बटाट्याच्या नावाचा मूळ मालक, रताळे. त्याचे बेणे म्हणजे वेलाचा वीतभर तुकडा. दोन-तीन पेरी मातीत, शेंडा बाहेर. पाऊस मुरला की त्याची लावणी होते. वेल पसरले की ते अधूनमधून उचलून फिरवावे लागतात. नाही तर पेरापेराला मुळे फुटतात आणि बुंध्याशी पोसायचे ते चहूकडे विखुरते. जमिनीला भेग पडली की तिच्यातून सोंड्या भुंगा रताळ्यापर्यंत उतरतो, म्हणून वरंब्याला पुन्हा माती ओढायची. बटाट्याच्या पाकोळीवरचा आणि रताळ्याच्या भुंग्यावरचा उपाय हा असा एकच निघावा याचे मला फार कौतुक वाटते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’ नावाची रताळ्याची जात काढली आहे. करांदा, कणगर, सुरण यांची वेली-झाडे मात्र परसाच्या कुंपणाला धरून तग धरून आहेत. नोकरीसाठी घरे बंद होऊ लागली तशी ही बेणीही एकेक करून नाहीशी होत चालली आहेत. करांद्याचे बेणे बाजारात मिळत नाही. ते शेजारणीकडून मागून आणावे लागते, आणि शेजारणीचे दार उघडे असावे लागते.

वरकसावरच्या हापूसच्या बागाही या गोष्टीपासून दूर नाहीत. हापूस हे पोर्तुगीजांच्या काळात आलेल्या कलमाच्या विद्येचे फळ. कलम म्हणजे जुन्या देहाचाच विस्तार, बटाट्याच्या डोळ्यासारखा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक मैल एकाच जातीची कलमे उभी आहेत, आणि एखाद्या वर्षी मोहोर काळा पडला की सर्व बागांत एकदमच पडतो.

खाली आगरातल्या पोफळीलाही तसाच एक शत्रू आहे. पावसाळा लागून राहिला की कोवळ्या सुपाऱ्या सडून गळू लागतात. बागायतदार त्याला कोळे रोग म्हणतात. हा रोग करणारा जीव फायटोफ्थोराच आहे, आयर्लंडच्या करप्याचा सख्खा भाऊबंद. त्यावरचा उपायही त्याच घराण्याच्या इतिहासातून आलेला. फ्रान्समधील बोर्डो हा द्राक्षारसाचा मुलूख. तेथे वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत. त्या वेलींवर रोग पडत नाही, हे मिलार्दे यांच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्यांनी ते मिश्रण जगापुढे ठेवले. द्राक्षावरून ते बटाट्यावर गेले. आयर्लंडला ते चाळीस वर्षे उशिरा पोहोचले. आपल्या कोकणात मे महिन्याच्या अखेरीस, मिरगाच्या आधी, आगरातून लाकडी पिंप मांडलेले दिसते. एकीकडे मोरचूद भिजत असते, दुसरीकडे चुना. दोन्ही कालवून निळसर पाणी तयार होते आणि पोफळीवर चढणारा गडी पंपाची नळी कमरेला बांधून शेंड्याकडे निघतो.